गाण्याआधी कागद: छोट्या म्युझिक लेबलला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं लेबल म्हणजे पुण्यातल्या दोन खोल्या, तीन माणसं आणि कायम तुंबलेला इनबॉक्स. नव्याने गाणारे, लिहिणारे, बीट (गाण्याखालचं वाद्यसंगीत) बनवणारे आणि "आम्हालाही लेबल काढायचंय" म्हणणारे तेच तेच प्रश्न पाठवतात. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बऱ्याचदा एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नात सापडतं, म्हणून क्रमांक घातले आहेत. आम्ही वकील नाही आणि सीएही नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते रोज त्यात हात घालावा लागतो म्हणून कळलेलं आहे. मोठी रक्कम अडकली असेल तर जाणत्या माणसाला फी देऊन विचारा.

१. लेबल म्हणजे स्टुडिओच ना?

नाही. स्टुडिओ तासाचे पैसे घेतो, गाणं डब करून देतो आणि तुम्हाला मोकळं करतो. डिस्ट्रिब्युटर ते गाणं ॲप्सवर पोचवतो. लेबल या सगळ्यात आधी पैसे घालतं, कुठलं गाणं कधी काढायचं ते ठरवतं, हक्कांचे कागद करतं, हिशेब ठेवतं आणि मग वाट बघत बसतं. आमचा निम्मा धंदा वाट बघण्याचाच आहे.

नवोदितांसाठी लेबल ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. १९३५ ते १९५५ या काळात मुंबईत 'यंग इंडिया' या नावाने ७८ आरपीएमच्या तबकड्या निघत, कारखाना वडाळ्याला होता. नावाजलेले गायक मोठ्या कंपन्यांकडे बांधलेले, म्हणून यंग इंडियाने नवख्या आणि हौशी कलाकारांची ध्वनिमुद्रणं मोठ्या प्रमाणावर केली. अडचण आणि उपाय दोन्ही आजच्यासारखेच.

२. माझं यूट्यूब चॅनल आहे. मग लेबल कशाला हवं?

कित्येकदा नकोच असतं. घरी बरा माइक आहे, मिक्स करणारा मित्र आहे आणि फॉर्म भरायचा कंटाळा नाही, तर एकट्याने काढा. यूट्यूबच्या जाहिरातींतून पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉचटाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. तिथपर्यंत एकट्याने पोचलेली पुष्कळ पोरं आहेत.

लेबलचा उपयोग होतो तो तीन ठिकाणी: खिशात पैसे नसतात तेव्हा, कागद कळत नाहीत तेव्हा, आणि "दुसरा अंतरा काढून टाक, गाणं सुटसुटीत होईल" हे तोंडावर सांगणारं कोणी नसतं तेव्हा. निम्म्या लोकांना आम्ही "पहिली तीन गाणी स्वतः काढा, मग भेटू" असंच सांगतो.

३. लेबल काढायला कुठलं लायसन्स लागतं?

लेबलचं असं वेगळं लायसन्स नसतं. एकट्याच्या मालकीने, म्हणजे प्रोप्रायटरशिपने, सुरुवात करता येते. पॅन, बँकेत करंट खातं, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट) आणि शॉप ॲक्टची पावती इतकं पुरतं. महाराष्ट्रात माणसं थोडी असतील तर शॉप ॲक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मुंबईकर त्याला अजून गुमास्ताच म्हणतात. जीएसटीची गोष्ट वेगळी आणि किचकट आहे, ती प्रश्न १७ मध्ये.

नाव मात्र आधी तपासा. ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर वर्ग ९ आणि वर्ग ४१ मध्ये शोधून बघा. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर दर वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. नावात 'स्वर', 'नाद' किंवा 'सूर' असेल तर ते आधी कोणीतरी घेतलेलं असणार, ही आमची पैज.

४. एका गाण्याला किती खर्च येतो?

गाण्यावर आणि वादकांवर आहे. घरच्या मांडणीवर, सगळं संगणकावर वाजवून केलेलं गाणं आम्हाला मिक्स-मास्टरसकट (आवाज जुळवून अंतिम फाइल करण्यासकट) पंचवीस-तीस हजारांत पडतं. हलगी, संबळ, ढोलकी, बासरी असे चार वादक स्टुडिओत बोलावले की तोच आकडा सत्तरच्या पुढे जातो. संबळाचा सॅम्पल पॅक (आधीच रेकॉर्ड केलेले तुकडे) मिळतो, पण ज्याने जागरण-गोंधळ ऐकलाय त्याच्या कानाला तो दोन मात्रांत कळतो. तिथे आम्ही पैसे वाचवत नाही.

वाचवतो ते व्हिडिओत. पहिल्या वर्षी आम्ही एका गाण्याच्या व्हिडिओवर रेकॉर्डिंगच्या दुप्पट पैसे घातले. ड्रोन, गड, धुकं, नऊवारी, सगळं होतं. लोकांनी गड कुठला ते विचारलं, गायिकेचं नाव कोणी विचारलं नाही.

५. गाणं स्पॉटिफाय, जिओसावनवर कसं जातं?

डिस्ट्रिब्युटरमार्फत. ही ॲप्स साधारणपणे एकट्या-दुकट्याकडून थेट गाणं घेत नाहीत. डिस्ट्रिब्युटर एकतर वर्षाची ठरावीक फी घेतो किंवा कमाईत टक्के. त्याला द्यायचं ते: डब्ल्यूएव्ही फाइल (एमपीथ्री नाही), ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ आणि गीतकार, संगीतकार, गायक, संयोजक यांची पूर्ण नावं. पूर्ण म्हणजे खरी. 'बंटी' आणि 'डीजे आप्पा' ही गीतकाराची नावं होऊ शकत नाहीत, कारण पुढे रॉयल्टी 'बंटी'च्या खात्यात कशी जमा करायची?

रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदा ठरवा आणि मरेपर्यंत तेच ठेवा. क्षितिज नावाच्या एका गायकाचं पहिलं गाणं 'के'ने आणि दुसरं 'एक्स'ने गेलं. ॲपवर त्याचे दोन कलाकार झाले आणि श्रोते वाटले गेले. ते जोडून घ्यायला दोन महिने लागले.

तारखेच्या निदान तीन-चार आठवडे आधी गाणं पाठवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं असेल तर प्रदर्शनाच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं, नंतर ती खिडकी बंद होते. "उद्या गुढीपाडवा आहे, आज टाकता येईल का?" याला आमचं उत्तर दर वर्षी तेच असतं. जगभर नवी गाणी २०१५ पासून शुक्रवारी येतात, पण मराठी गाण्याला सणाचा मुहूर्त शुक्रवारापेक्षा जास्त लागू पडतो, असा आमचा अनुभव.

६. आयएसआरसी काय भानगड आहे?

प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. भारतात तो देणारी अधिकृत संस्था आयएमआय, म्हणजे इंडियन म्युझिक इंडस्ट्री. डिस्ट्रिब्युटरही स्वतःच्या कोट्यातून देतो आणि सुरुवातीला तेवढं पुरे. रीमिक्स, अनप्लग्ड, लाइव्ह या प्रत्येकाला वेगळा क्रमांक. तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे नेताना मात्र जुनाच क्रमांक द्या, नाहीतर तोवर जमलेले सगळे आकडे शून्यावर येऊ शकतात. आम्ही वहीत लिहून ठेवतो. हो, कागदाच्या वहीत.

७. मी गायलं म्हणजे गाणं माझंच ना?

या एका प्रश्नावर आम्ही सर्वांत जास्त चहा संपवलाय. एका गाण्यात किमान चार वेगळे हक्क असतात आणि चौघांचे मालक वेगळे असू शकतात.

शब्द गीतकाराचे. चाल संगीतकाराची. या दोन्हींवरचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तिसरं ध्वनिमुद्रण, ज्याला आम्ही मास्टर म्हणतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्याचा कर्ता निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवून घेतलं तो. त्याची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. चौथा हक्क गायकाचा आणि वादकांचा, सादरकर्ते म्हणून, ५० वर्षांचा. आपलं नाव लागावं आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊ नये हा अधिकारही सादरकर्त्याला आहे.

म्हणजे मित्राच्या शब्दांना बहिणीने चाल लावली, काकांनी स्टुडिओचं बिल भरलं आणि तुम्ही गायलात, तर ते गाणं चौघांचं आहे. दिवाळीत फराळाला चौघं एकत्र बसतात तोवर काही होत नाही. गाणं चाललं की होतं.

२०१२च्या दुरुस्तीने एक फार महत्त्वाची गोष्ट केली: गीतकार आणि संगीतकाराने कॉपीराइट कोणाला दिला, तरी त्या कृतीच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क त्यांना सोडता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला तो देता येतो, लेबलला नाही. करारात "सर्व हक्क कायमचे सोडत आहे" असं लिहिलं आणि सही केली, तरी ती ओळ तेवढ्यापुरती रद्दच.

८. लेबलचा करार आलाय. सही करू का?

आज करू नका. घरी न्या, दोन रात्री जाऊ द्या. "आत्ताच सही केली तर पुढच्या आठवड्यात रिलीज" असं कोणी म्हणालं तर गाणं पुढच्या महिन्यात रिलीज होऊ दे. मग हे बघा.

हक्क विकताय की वापरायला देताय? आम्ही स्वतः मास्टर पाच वर्षांसाठी परवान्यावर घेतो, नंतर ते कलाकाराकडे परत जातं. हीच पद्धत योग्य असं आमचं मत आहे. ज्याला कायमचं हवं असेल त्याने कायमचे पैसे मोजावेत.

मुदत लिहिली आहे का? करारात मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे लेबलवाल्यांनीही लक्षात ठेवावं, कारण गाणं न्यू जर्सीत आणि दुबईतही ऐकलं जाणार. घेतलेला हक्क एक वर्ष वापरलाच नाही तर, करारात वेगळं ठरलेलं नसल्यास, ते हस्तांतर संपुष्टात येतं. तुमचं गाणं दोन वर्षं कोणाच्या हार्ड डिस्कवर पडून असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा आणि मग करारातला अपवाद शोधा.

आगाऊ रक्कम म्हणजे काय? बिदागी आणि ॲडव्हान्स यांत फरक आहे. बिदागी तुमची झाली. ॲडव्हान्स पुढच्या कमाईतून वळता होतो. २०,००० ॲडव्हान्स घेतला आणि तुमच्या वाट्याची रॉयल्टी ६,००० झाली, तर हातात काही येणार नाही, १४,००० अजून वळते व्हायचे आहेत. ते खिशातून परत मागणार का, हे करारात स्पष्ट हवं. आम्ही मागत नाही. मागणारे आहेत.

वळतं करण्याच्या यादीत काय काय आहे? रेकॉर्डिंगचा खर्च ठीक. "प्रमोशन" असं मोघम लिहिलं असेल तर वरची मर्यादा लिहून घ्या, नाहीतर त्यात लेबलच्या माणसाचं गोव्याचं तिकीटही बसतं.

आणि हिशेब कधी? दर तिमाहीला, ॲपनिहाय. न देणाऱ्याशी गोड बोलून उपयोग होत नाही, म्हणून तारीखच करारात घालायची. तोंडी कबूल केलेलं हस्तांतर कायद्यात टिकत नाही, ते लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे सही नव्हे.

९. आम्ही मित्रच आहोत. कराराची खरंच गरज आहे?

मित्र आहात म्हणूनच. अनोळखी माणसाशी भांडण झालं तर एक गाणं जातं.

१०. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, रॅप करतो. त्याच्याशी करार होतो का?

१८ वर्षांखालच्या व्यक्तीने स्वतः केलेला करार भारतात मुळातच निरर्थक असतो. पालक म्हणून तुम्ही सही करायची. आम्ही अशा वेळी एका वेळी एकच गाणं घेतो, मुदत छोटी ठेवतो आणि तो १८ चा झाला की त्याच्याशी नव्याने बोलतो. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यांत रेकॉर्डिंग ठेवत नाही. हा कायदा नाही, त्याच्या आईची अट होती. आता आमचीही आहे.

११. आयपीआरएसचं सभासद व्हावं का? आणि पीपीएल?

गीतकार किंवा संगीतकार असाल तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्याच. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे आणि २०१७ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून तिची पुन्हा नोंदणी झाली. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, कार्यक्रम, स्ट्रीमिंग इथे शब्द आणि चाल वापरल्याचे पैसे ती गोळा करून सभासदांना देते. सभासद झाल्यावर प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं, हे लोक विसरतात. सभासदत्व आहे, गाण्यांची नोंद नाही आणि "पैसे येत नाहीत" ही तक्रार, असं आमच्याकडे महिन्याला एक तरी पत्र असतं.

पीपीएल ध्वनिमुद्रणाच्या बाजूचे, म्हणजे लेबलचे, सार्वजनिक वाजवण्याचे पैसे बघते. गायक-वादकांसाठी इसामरा (पूर्वीची इस्रा) ही संस्था आहे. प्रश्न ७ मधले चार हक्क डोक्यात असतील तर कोणी कुठे जायचं ते आपोआप कळेल.

१२. हजार स्ट्रीमला किती पैसे मिळतात?

ठरलेला दर नाही. ॲपची त्या महिन्याची कमाई एका ढिगात जमा होते, त्यातला हक्कधारकांचा भाग एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो. पैसे भरून ऐकणारा आणि जाहिराती ऐकत फुकट ऐकणारा यांचे ढीग वेगळे, देशादेशांचे ढीग वेगळे. म्हणून लंडनमधल्या एका श्रोत्याचं ऐकणं लातूरमधल्या बऱ्याच श्रोत्यांइतकं मोलाचं ठरू शकतं. लातूरवाला कार्यक्रमाला येतो, हे मात्र हिशेबात दिसत नाही.

स्पॉटिफायवर २०२४ पासून आणखी एक अट आहे: मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याला रॉयल्टीच नाही. नवख्याला ही अट बोचते. त्यामुळे दहा गाण्यांचा अल्बम एकदम टाकून प्रत्येकाला तीन-तीनशे ऐकणारे मिळवण्यापेक्षा आम्ही दीड-दोन महिन्यांनी एक गाणं काढतो.

एका ॲपवर विसंबूही नका. रेसो २०२४च्या जानेवारीत भारतातून बंद झालं, त्याच वर्षी विंकही गुंडाळलं गेलं. आमच्या एका लोकसंगीतवाल्या बँडचे बहुतेक श्रोते त्यातल्या एकावर होते. ते सगळे दुसरीकडे आले नाहीत.

१३. "दोन हजारांत एक लाख स्ट्रीम" असा मेसेज आलाय. घेऊ का?

नको. खोटे स्ट्रीम पकडले जातात, गाणं उतरवलं जातं आणि स्पॉटिफाय त्याचा दंड लेबल किंवा डिस्ट्रिब्युटरकडून घेतं. तो फिरून तुमच्याच खात्यातून जातो. असं करणाऱ्याशी आम्ही करार मोडतो, तशी ओळच आहे.

१४. तुकोबांचा अभंग घेतला तर परवानगी लागते का? जुन्या कविता, लावण्या, भीमगीतं?

शब्द आणि चाल वेगळे करा, मग निम्मा गोंधळ सुटतो. तुकोबांच्या शब्दांवर कोणाचाही कॉपीराइट नाही. पण तुमच्या कानात त्या अभंगाची जी चाल आहे ती बहुधा एखाद्या संगीतकाराची असते. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे २०६२ पर्यंत. "आम्ही भजनात लहानपणापासून हीच चाल म्हणतो" हे खरं असेलही, पण ती चाल भजनी मंडळाची आहे की रेडिओतून मंडळात आली, हे गावातल्या जुन्या जाणत्याला विचारा. आम्ही एकदा विचारलं. बुवांनी हसून कॅसेटच काढून दाखवली.

कवितांचं गणित मृत्यूच्या सालावर. बालकवी (१९१८), भा. रा. तांबे (१९४१) मोकळे झाले. पठ्ठे बापूरावही (१९४५). बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपात आली, कसंही मोजलं तरी ६० वर्षं उलटली. गदिमांचे (१९७७) शब्द २०३७ अखेरपर्यंत, कुसुमाग्रजांचे (१९९९) २०५९ पर्यंत आणि सुरेश भटांचे (२००३) २०६३ पर्यंत संरक्षित आहेत. परवानगी वारसांकडे मागायची की कंपनीकडे, हे हक्क कोणाकडे गेलेत यावर ठरतं. त्याचा शोध घ्यायला कधी कधी गाणं करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि कृपा करून 'पारंपरिक' हा शब्द सोय म्हणून वापरू नका. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावच्या गायन पार्ट्यांत इतकी मुरली आहेत की गाणाऱ्यालाही कर्ता माहीत नसतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, हक्क २०६४ पर्यंत आहे. 'नाममुद्रा' म्हणून शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं आणि तेच कडवं कापून 'पारंपरिक' लिहून पाठवणारे आमच्याकडे आले आहेत. ते गाणं आम्ही घेतलं नाही.

१५. कव्हर करायला पाच वर्षं झाली की चालतं, असं ऐकलंय.

अर्धंच ऐकलंय. कायद्याच्या ३१सी कलमाखाली, मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपून पाच कॅलेंडर वर्षं झाल्यावर कव्हर काढता येतं. पण आगाऊ सूचना द्यायची, मुखपृष्ठाचा नमुना द्यायचा, शब्द-चालीत विनाकारण बदल करायचा नाही, 'हे कव्हर आहे' असं लिहायचं आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधीच भरायची. ही तरतूद कॅसेट-सीडीच्या जमान्याची मापं घेऊन शिवलेली आहे. छोट्या लेबलला थेट हक्कधारकाकडून परवाना घेणं सोपं पडतं. यूट्यूबवर कव्हर टाकलं की बहुतेक वेळा मूळ मालकाचा क्लेम (हक्काचा दावा) येतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात. शिकण्यासाठी, ओळख होण्यासाठी ते परवडत असेल तर टाका.

१६. गाणं आमचंच आहे, तरी कॉपीराइट क्लेम आला! असं कसं?

बहुतेक वेळा बीटमुळे. इंटरनेटवर १,५०० रुपयांत मिळणारी बीट 'नॉन-एक्सक्लुझिव्ह' असते, म्हणजे तीच बीट आणखी शंभर जणांनी घेतलेली असते. त्यातल्या एकाने आपलं गाणं कंटेंट आयडीत (व्हिडिओतलं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत) घातलं की बाकी सगळ्यांना क्लेम.

आमच्याच हातून हे झालंय. कोल्हापूरच्या दोन पोरांचं गाणं, बीटचा कागद न बघता आम्ही कंटेंट आयडीला दिलं आणि तिसऱ्याच एका मुलाच्या व्हिडिओवर आमचा क्लेम बसला. त्याने रात्री अकराला फोन करून शिव्या घातल्या, रास्त होत्या. क्लेम मागे घेतला, माफी मागितली. तेव्हापासून बीटचा परवाना हातात आल्याशिवाय आम्ही गाणं घेतही नाही. तानपुऱ्याचं तयार ट्रॅक, लूप पॅक यांनाही हेच लागू.

१७. जीएसटी २० लाखांपर्यंत लागत नाही ना?

सेवांसाठी सर्वसाधारण मर्यादा २० लाखांची, बरोबर. पण लेबलसाठी एक खोच आहे. संगीतकाराने मूळ चालीचा कॉपीराइट संगीत कंपनीला दिला, तर त्यावरचा जीएसटी उलट्या आकारणीने (रिव्हर्स चार्ज) कंपनीने भरायचा असतो. आणि ज्याला असा कर भरावा लागतो त्याला २० लाखांची सूट धरता येत नाही, नोंदणी करावी लागते. म्हणजे दोन लाखांची उलाढाल असलेलं लेबलही यात सापडू शकतं. तुमचा करार नेमका यात बसतो का, हे सीएला करार दाखवूनच ठरवा.

रॉयल्टीवर टीडीएस १० टक्के, वर्षाला ५०,००० च्या वर गेल्यास. एकट्याच्या मालकीच्या लेबलची आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर ते कापण्याची सक्ती नाही. यूट्यूबच्या कमाईवर अमेरिकेचा करही असतो: कराचा फॉर्म भरला तर फक्त अमेरिकी प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के, नाही भरला तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत. फॉर्म दहा मिनिटांचा आहे.

१८. वरातीत, बँजो पार्टीत आमचं गाणं वाजतं. पैसे मागता येतील?

लग्नाच्या वरातीत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सोहळेही धरून, गाणं वाजवणं हे कायद्याने उल्लंघन मानलेलं नाही. हॉटेलातली थर्टी फर्स्टची पार्टी यात येत नाही.

तसंही वरातीकडे पैसे मागू नये. बँजोवाल्याने तुमची चाल उचलली म्हणजे गाणं लोकांत गेलं. आम्ही तर नवीन गाण्याची नोटेशन आणि पट्टी ओळखीच्या चार बँजो पार्ट्यांना आपणहून पाठवतो. रायगडातल्या एका कोळीगीताला प्लेलिस्टने दिलं नाही तेवढं एका हळदीने दिलं.

१९. बँडमध्ये चौघं होतो, एक जण सोडून गेला. जुनी गाणी वाजवता येतात का?

त्याने शब्द किंवा चालीत वाटा दिला असेल तर तो वाटा त्याच्याबरोबर आयुष्यभर, आणि नंतरही, राहतो. बँड सोडला म्हणून हक्क सुटत नाही. त्याला श्रेय आणि रॉयल्टी देत राहा. बँडच्या नावाचा प्रश्न जास्त चिघळतो, कारण नाव कोणाचं हे कोणीच लिहिलेलं नसतं. आमच्याकडच्या बँडकडून आम्ही पहिल्याच दिवशी एका पानावर लिहून घेतो: कोणत्या गाण्यात कोणाचा किती टक्के वाटा आणि फुटलो तर नाव कोणाकडे. लिहिताना सगळे हसतात.

२०. एआयने मोठ्या गायकाच्या आवाजात डेमो केलाय. चालेल?

नाही. २०२४च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. पण त्याच्याही आधी, आम्हाला तुमचा आवाज ऐकायचाय.

२१. मी अमेरिकेत राहते, गाणी मराठी आहेत. तुमच्याकडून काढता येतील?

येतील, आणि अशा दोन गायिका आमच्याकडे आहेत. रॉयल्टी पाठवताना इथे कर कापावा लागतो. भारत-अमेरिका कराराचा १५ टक्क्यांचा दर लागू करायला तिथल्या रहिवासाचा दाखला लागतो. तिथल्या हक्कसंस्थेच्या सभासद असाल तर आधी सांगा, म्हणजे इथे दुहेरी नोंद होणार नाही.

२२. डेमो कसा पाठवू?

एकच गाणं. फोनवर केलेलं चालेल, पंखा बंद करून. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट नको, फाइलची लिंक द्या. शब्द देवनागरीत टाइप करून, कोणाचे शब्द आणि कोणाची चाल ते लिहून. गाण्याची पट्टी लिहिली तर उत्तम. 'लहानपणापासून संगीताची आवड' असलेला परिचय नसला तरी चालेल, तो आम्हाला पाठ आहे.

२३. डेमो पाठवून दोन महिने झाले. उत्तर नाही.

आम्ही तिघंच आहोत आणि आलेलं प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकतो, म्हणून उशीर होतो. सहा आठवड्यांनी एकदा आठवण करा, जुन्याच मेलच्या उत्तरात. नवीन मेल पाठवलात तर तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी जाता.